शिरूर ते दौंड : क तुकडीचा प्रश्न

शिरूरला रेल्वे नाही. जुनी माणसं ज्याला अजून घोडनदी म्हणतात ते आमचं गाव पुणे-नगर रस्त्यावर आहे. नदीवरचा पूल ओलांडला की नगर जिल्हा सुरू होतो. रेल्वे बघायची तर आम्हाला दौंडला जावं लागतं. तिथे आमची धाकटी बहीण राहते. 2024 च्या रमजानमध्ये, 6 एप्रिलच्या शनिवारी, सकाळची शाळा आटोपून आम्ही तिघं इफ्तारसाठी तिच्याकडे निघालो. सव्विसावा रोजा होता आणि रात्री शब-ए-कद्र.

रस्ता न्हावऱ्यावरून जातो. दोन्ही बाजूंना ऊस, पारगावला भीमेचा पूल आणि त्या पट्ट्यात जागोजागी गुऱ्हाळं. रोजाच्या दुपारी उकळत्या रसाचा वास एसटीच्या खिडकीतून आत आला, तेव्हा आमच्या लेकीने ओढणी नाकाला लावली आणि सगळे हसलो. चौफुल्याला सोलापूर रस्ता लागतो, तिथून पाटसमार्गे दौंड.

दौंड हे रेल्वेचं गाव. एक लोहमार्ग सोलापूरकडे आणि पुढे हैदराबादकडे जातो, दुसरा नगर-मनमाडकडे वळतो. पूर्वी पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन इथे काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागे. आता कॉर्ड लाईन झाल्यामुळे गाडी न फिरवताही जाता येतं. दुल्हाभाई रेल्वेत आहेत, त्यांचे अब्बाही रेल्वेतूनच निवृत्त झाले. त्या घरात घड्याळापेक्षा गाड्यांवरून वेळ कळते.

भाचा आठवीत. शाळेचं विचारलं की गप्प बसतो. बहीण स्वयंपाकघरातून हळूच म्हणाली, "भाईजान, पाचवीपासून क तुकडीतच आहे." पण फुटबॉलचं विचारलं आणि त्याने भूगोलाची वही आणली. मागच्या पानांवर आय-लीगच्या अख्ख्या हंगामाचा तक्ता होता. 13 संघ, प्रत्येकाचे 24 सामने.

आय-लीग ही तेव्हा देशातली दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा होती. वरची इंडियन सुपर लीग 2014 मध्ये सुरू झाली, पण खालून वर जायला कित्येक वर्षं दारच नव्हतं. खालची स्पर्धा जिंकणारा संघ पुढच्या वर्षीही खालीच खेळायचा. 2022-23 च्या हंगामापासून नियम झाला की आय-लीगचा विजेता वर जाईल. पहिला मान पंजाबच्या संघाला मिळाला. त्याच हंगामात मुंबईचा केंकरे संघ खाली घसरला, म्हणून भाच्याच्या तक्त्यात महाराष्ट्राचं एकही नाव नव्हतं. आपल्या पुण्याचा पुणे एफसी 2009 मध्ये दुसऱ्या श्रेणीतून वर चढला होता, बालेवाडीला खेळायचा. तोही पुढे बंद झाला.

तक्त्यात सगळ्यात वर कोलकात्याचा मोहम्मडन स्पोर्टिंग होता, त्याखाली हैदराबादेत खेळणारा श्रीनिदी डेक्कन. श्रीनगरचा रिअल काश्मीर होता, केरळचा गोकुलम होता. तळाला मणिपूरचे दोन संघ, नेरोका आणि ट्राऊ. त्यांच्यापुढे भाच्याने लिहिलं होतं, 'घरी खेळता आलं नाही.' मणिपुरातल्या अशांततेमुळे त्यांना घरचे सामनेही परमुलखात खेळावे लागले होते. चौदा वर्षांच्या मुलाने हे वेगळं टिपून ठेवलं, याचं आम्हाला कौतुक वाटलं.

इफ्तारनंतर खजुराची ताटली पुढे सरकवत दादा, म्हणजे दुल्हाभाईंचे अब्बा, बोलू लागले. तरुणपणी रेल्वेच्या पासावर ते मुंबईला कूपरेजवर रोव्हर्स कप बघायला जात. मोहम्मडनचा इतिहास त्यांना तोंडपाठ. क्लब 1891 चा. 1933 मध्ये कोलकाता लीगच्या दुसऱ्या विभागातून वर आला आणि 1934 मध्ये, वर आल्याच्या पहिल्याच वर्षी, लीग जिंकणारा पहिला भारतीय संघ ठरला. मग 1938 पर्यंत सलग पाच वेळा. 1940 मध्ये ड्युरंड आणि रोव्हर्स, दोन्ही. "आणि आपल्या इथून दुसरी लाईन जाते ना," दादा म्हणाले, "तिकडे हैदराबादला रहीम साहेब होते." सय्यद अब्दुल रहीम. त्यांच्या हैदराबाद पोलीस संघाने 1950 ते 1954 सलग पाच वेळा रोव्हर्स कप जिंकला. त्यांच्याच हाताखाली भारत 1956 च्या ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि 1962 मध्ये जाकार्तात आशियाई सुवर्णपदक जिंकला. त्यांच्यावरचा 'मैदान' चित्रपट त्याच ईदला येणार होता. ते पेशाने शाळामास्तर होते, हे ऐकून आम्हीही जरा ताठ बसलो.

त्याच रात्री मोहम्मडनचा सामना शिलाँगला होता. भाच्याने मोबाईल घरीच ठेवला आणि आमच्याबरोबर मशिदीत आला. रात्र इबादतीत गेली. पहाटे सहरीच्या वेळी त्याने मोबाईल उघडला आणि नुसतीच दोन बोटं, मग एक बोट दाखवलं. 2-1. पहिल्याच मिनिटाला गोल झाला होता. एक सामना शिल्लक असतानाच मोहम्मडनने लीग जिंकली होती, संघ वरच्या श्रेणीत गेला होता.

रविवारी संध्याकाळी आम्ही स्टेशनच्या पुलावर उभे होतो. पुण्याहून नगर-मनमाडमार्गे हावड्याला जाणारी आझाद हिंद एक्स्प्रेस याच मार्गाने जाते. भाचा रुळांकडे बघत म्हणाला, "मामू, आमच्या क तुकडीतून वर जायचा काय नियम आहे?"

आम्हाला उत्तर देता आलं नाही. आम्ही वीस वर्षं शिकवतोय. आमच्याही शाळेत पाचवीला एक चाचणी होते, गुणांवर तुकड्या पडतात आणि मग दहावीपर्यंत कुणी हलत नाही. क तुकडीला आम्ही कमी तयारी करून जातो, हेही खरं. दार बंद आहे हे मुलांना आमच्या आधी कळलेलं असतं.

जूनमध्ये शिक्षकांच्या सभेत आम्ही विषय काढला. दर वर्षाच्या शेवटी गुण आणि मेहनत बघून काही मुलांना वरच्या तुकडीत बसवावं. कुणी म्हणालं, पट बिघडेल. कुणी म्हणालं, अ तुकडीचे पालक भांडायला येतील. अर्ध्या तासाच्या वादानंतर एक वर्ष करून बघायचं ठरलं. पुढच्या जूनला चार मुलं वर गेली. दोघं रमली, दोघांना जड जातंय, त्यांच्यासाठी आम्ही शाळा सुटल्यावर थांबतो.

भाच्याच्या शाळेत अजून तसा नियम नाही. बहिणीने पालकसभेत विचारलं, पुढे बघू असं उत्तर मिळालं. तो क तुकडीतच आहे, पण आता वहीच्या पुढच्या पानांवरही लिहितो.

आणि मोहम्मडन? सुपर लीगच्या पहिल्याच हंगामात, 2024-25 मध्ये, तेरा संघांत तेरावा आला. आम्ही दादांना फोनवर म्हटलं, "वर जाऊन काय मिळवलं?" ते म्हणाले, "अरे बेटा, हरायला तरी वर जावं लागतं. खालीच ठेवलं असतं तर कुणाला कळलं असतं, किती पाण्यात आहेत ते?"

वाचकांपैकी ज्यांची मुलं ब किंवा क तुकडीत आहेत, त्यांनी येत्या पालकसभेत भाच्याचा प्रश्न जरूर विचारावा. आम्हा शिक्षकांना तो कुणीतरी विचारायलाच हवा.