एकाच प्रतीची आवृत्ती : मारिओ मिरांडा यांच्या तरुणपणीच्या रोजनिश्या

घराच्या भिंती चित्रांनी भरून टाकणारा मुलगा कोणत्याही आईला फार काळ परवडत नाही. दमण येथे २ मे १९२६ रोजी जन्मलेल्या मारिओच्या आईने यावर एक साधा उपाय केला. तिने मुलाच्या हातात कोरी वही ठेवली. मुलाने त्या वहीला ‘डायरी’ म्हटले आणि दिवसभरात जे दिसेल ते तो तीत काढू लागला. पुढे शाळेत पाद्र्यांची चित्रे काढल्याबद्दल त्याला बोलणीही खावी लागली. वहीची सवय मात्र सुटली नाही.

हाच मुलगा पुढे मारिओ मिरांडा या नावाने देशाला परिचित झाला. मिस निंबुपाणी, मिस फोन्सेका, मंत्री बंडलदास ही त्यांची पात्रे, कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींवरील गर्दी, गोव्यात जागोजागी विकले जाणारे चित्रांचे मग आणि फरशा हे सर्वांच्या पाहण्यातले आहे. हा धागा मात्र त्या प्रसिद्ध मारिओचा नाही. १९४९, १९५० आणि १९५१ या तीन वर्षांच्या सचित्र रोजनिश्यांचा तो आहे. तेव्हा त्यांचे वय तेवीस ते पंचवीस होते आणि व्यंगचित्रकार म्हणून त्यांना कोणी ओळखत नव्हते.

कलाशाळेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली ती इतिहासाची, आणि विचार होता प्रशासकीय सेवेत जाण्याचा. घरच्यांच्या आग्रहाखातर वास्तुकलेचा अभ्यास सुरू केला, तोही मन न रमल्यामुळे सोडला. या सगळ्या धरसोडीत एकच गोष्ट अखंड चालू होती : रोजचे पान, त्यावर चित्र आणि थोडका मजकूर. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ही बाब विशेष लक्षात ठेवावी. ज्या पदवीने त्यांना नोकरी दिली नाही, त्या पदवीच्या विषयाला त्यांनी नकळत एक अस्सल साधन देऊन ठेवले.

मराठी वाचकाला हा प्रकार परका वाटू नये. शाळा-महाविद्यालयांतील ‘हस्तलिखित’ ही आपल्याकडची जुनी रीत आहे. सुवाच्य अक्षराचा एक विद्यार्थी मजकूर उतरवून काढतो, बरा हात असलेला दुसरा चित्रे काढतो, आणि ती एकुलती एक प्रत वाचनालयाच्या टेबलावर सर्वांसाठी पडून राहते. प्रकाशक नाही, किंमत नाही, दुसरी आवृत्ती तर नाहीच. मारिओंची वही याच कुळातली, फक्त तिचा लेखक, चित्रकार, संपादक आणि बांधणीदार एकच होता. वाचकही बहुधा घरचे आणि मित्रमंडळी. याच मित्रांसाठी त्यांनी पोस्टकार्डांवर चित्रे काढून दिली आणि त्याबद्दल नाममात्र पैसेही घेतले. हौस आणि व्यवसाय यांच्यामधली रेघ त्यांनी पहिल्यांदा ओलांडली ती त्या कार्डांवर.

चित्रकथेच्या इतिहासाचा उगमही अशाच एका हौशी माणसाच्या वहीत सापडतो. जिनिव्हा येथील शाळामास्तर रोडोल्फ टोपफर हा विद्यार्थ्यांच्या आणि मित्रांच्या करमणुकीसाठी चित्रांच्या मालिका काढत असे. त्या छापाव्यात असे त्याच्या मनात फारसे नव्हते. १८३० च्या सुमारास त्याची हस्तलिखिते वृद्ध जर्मन महाकवी गटे याच्या हाती पडली आणि ती त्याला आवडली. त्यानंतर टोपफरने धीर करून ‘मस्य जाबो’ ही चित्रकथा १८३३ मध्ये स्वतःच छापून घेतली. आज त्याला आधुनिक चित्रकथेचा आद्य कर्ता मानतात. गटेसारखा वाचक मारिओंच्या वाट्याला आला नाही. त्यांच्या वह्यांना साठ वर्षे वाट पाहावी लागली.

आता काळाकडे वळू. परभणीच्या वाचकाला १९४९ हे वर्ष समजावून सांगण्याची गरज नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या राज्याचा शेवट झाला होता आणि मराठवाड्यातील गावे नव्या कारभाराची सवय करून घेत होती. त्याच वेळी सह्याद्रीपलीकडच्या गोव्यात पोर्तुगीज राजवट जशीच्या तशी उभी होती आणि आणखी बारा वर्षे ती टिकणार होती. डॉ. राममनोहर लोहिया यांनी १८ जून १९४६ रोजी मडगावात सविनय कायदेभंगाची हाक दिली होती. मिरांडा कुटुंबाचे लोटली हे गाव मडगावपासून फार दूर नाही. त्याच वर्षी त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांना अटक झाली, लष्करी न्यायालयापुढे खटला चालला आणि त्यांची रवानगी पोर्तुगालमधील पेनिश येथील तुरुंगात झाली.

या राजवटीत छापणे म्हणजे आधी परवानगी काढणे. सालाझारच्या काळात छापील मजकुरावर पूर्वतपासणी होती, लग्नपत्रिकासुद्धा त्या जाचातून सुटत नसत.

गोव्याचे हे दुर्दैव जुने आहे आणि त्यात एक विलक्षण विसंगती आहे. भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यातच उतरला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले ते सासष्टीतील रायतूर येथे, म्हणजे ज्या तालुक्यात लोटली आहे त्याच तालुक्यात. मराठीतले इतके थोर काव्य रोमन लिपीत छापावे लागले, हा त्या छापखान्याचा आणखी एक चमत्कार. पुढे हा उद्योग क्षीण झाला, १७५४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने छपाईवर बंदीच घातली, आणि ‘गॅझेट द गोवा’ निघेपर्यंत म्हणजे १८२१ पर्यंत तेथे छापखान्याचा आवाज नव्हता. ज्या भूमीने हिंदुस्थानाला मुद्रण दिले, तिला स्वतः सदुसष्ट वर्षे मुक्याने काढावी लागली.

म्हणून एकाच प्रतीच्या वहीचे महत्त्व. तिला परवाना लागत नव्हता. याचा अर्थ मारिओंची रोजनिशी बंडखोरीचे दस्तऐवज आहे असा कोणी घेऊ नये. तसा दावा करणे हा तिच्यावर अन्याय होईल. तिच्यात फेस्त आहेत, लग्ने आहेत, गावातली माणसे आहेत, पाद्री आहेत, मित्र आहेत, तरुण वयाचे रिकामे दिवस आहेत. पण तपासनीस वाचणार नाही हे ठाऊक असलेला माणूस जसा मोकळेपणाने हसतो, तसे हसू छापील पानावर सहसा सापडत नाही. गावच्या पाद्र्याचे पोट किंवा एखाद्या प्रतिष्ठिताची ऐट ही काही राजद्रोहाची बाब नव्हे, तरी त्या काळच्या गोव्यात ती वर्तमानपत्रापेक्षा वहीतच सुरक्षित होती.

आणि या तीन वर्षांत वहीच्या बाहेर काय घडत होते, ते पाहण्यासारखे आहे. २७ फेब्रुवारी १९५० रोजी भारत सरकारने पोर्तुगालला त्याच्या भारतातील वसाहतींविषयी वाटाघाटी सुरू करण्याची विनंती केली. पोर्तुगालने ती मानली नाही. १९५१ मध्ये त्याने उलट आपली राज्यघटनाच बदलली आणि ‘वसाहत’ हा शब्द काढून ‘सागरपार प्रांत’ असे नाव दिले. कागदोपत्री गोवा आता वसाहत उरला नाही, तो पोर्तुगालचाच एक प्रांत झाला. त्याच वर्षी लोटलीत कोणी लग्न केले, कोणाच्या घरी मेजवानी झाली, कोण कोणावर रुसले, याची नोंद एक पंचवीस वर्षांचा तरुण रोज चित्रांत करीत होता. राजनैतिक पत्रव्यवहार आणि ही वही शेजारी ठेवून वाचली तर एक गोष्ट ध्यानात येते. इतिहासाची पुस्तके ज्याला संक्रमणकाळ म्हणतात, तो जगणाऱ्याला मंगळवार, बुधवार असाच भेटतो.

नंतर मागे वळून सांगितलेला गोवा आणि रोजनिशीतला गोवा यांत नेमका हाच फरक आहे. आठवण शेवट ठाऊक असलेल्या माणसाची असते. १९५५ चा सत्याग्रह, त्यानंतर बंद झालेली सीमा आणि थांबलेली रेल्वे, १९ डिसेंबर १९६१ ची मुक्ती, हे सारे माहीत झाल्यावर १९४९ मधली एखादी साधी सहलसुद्धा निरोपाच्या रंगात रंगते. रोजनिशी लिहिणाऱ्याला हा रंग उपलब्ध नव्हता. आपण एका युगाच्या अखेरच्या टप्प्यात बसलो आहोत याची जाण त्याला नव्हती, आणि नसणे हेच त्याच्या साक्षीचे बळ आहे.

पुढची वाटचाल थोडक्यात. मुंबईत जाहिरातीच्या क्षेत्रात नोकरी, मग ‘इलस्ट्रेटेड वीकली’त छापून आलेली काही चित्रे. ‘करंट’ या साप्ताहिकात काम मिळाले ते वह्यांतील आणि स्केचबुकातील चित्रे दाखवून. त्यानंतर टाइम्स समूहाने त्यांना घेतले, ज्याने त्यांना आधी एकदा नकार दिला होता. म्हणजे कोणाच्याही परवानगीशिवाय, कोणत्याही मोबदल्याशिवाय काढलेली पानेच त्यांची प्रमाणपत्रे ठरली. गुलबेंकियन प्रतिष्ठानच्या शिष्यवृत्तीवर ते लिस्बनला गेले, तेथून लंडनला, आणि परतल्यावर पुन्हा मुंबईत रमले. १९८८ मध्ये पद्मश्री, २००२ मध्ये पद्मभूषण.

आयुष्याच्या उत्तरार्धात ते लोटलीच्या वडिलोपार्जित वाड्यात राहू लागले. श्याम बेनेगल यांच्या ‘त्रिकाल’ (१९८५) या चित्रपटाचे चित्रीकरण याच वाड्यात झाले, आणि त्या कथेतला काळ आहे १९६१ चा, मुक्तीच्या उंबरठ्यावरचा. ज्या घरात खऱ्या रोजनिश्या वाढल्या, त्याच घराने पडद्यावर त्या युगाचा शेवट वठवावा, हा योगायोग कादंबरीकाराने रचला असता तर अतिरेकी वाटला असता. ठिकठिकाणी विखुरलेली त्यांची चित्रे गोळा करण्याचे काम वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांनी हाती घेतले. २००८ मध्ये ‘मारिओ द मिरांडा’ हा जाडजूड ग्रंथ निघाला. त्यानंतर ‘द लाइफ ऑफ मारिओ’ या मालिकेत १९५१, १९५० आणि १९४९ च्या रोजनिश्या पुस्तकरूपाने आल्या.

या पानांवर प्रौढ मारिओंची ती सुपरिचित दाटी नाही. बाजार, बस, तावेर्न, छत्र्या, कुत्री आणि खिडक्यांतून डोकावणारी डोकी यांनी इंचन्‌इंच भरलेले चित्र ही नंतरची कमाई. रोज एक पान काढायचे म्हटल्यावर तेवढी सवड नसते. रेषा घाईची असते, कधी चुकते, कधी मनासारखी उतरते. म्हणून तिला कच्ची म्हणून बाजूला सारावे का? कलासमीक्षक कदाचित सारील. इतिहासाच्या अभ्यासकाने सारू नये. पूर्ण तयार झालेला चित्रकार गोव्याचे ‘मारिओचा गोवा’ करून टाकतो, त्याची माणसे त्याच्या शैलीत उभी राहू लागतात. तयारीच्या अवस्थेतला चित्रकार समोरच्या माणसाला अजून घाबरून असतो, त्यामुळे ते माणूस थोडे अधिक स्वतःसारखे उतरते.

तरीही या वह्यांना मर्यादा आहे आणि ती सांगितली पाहिजे. हा गोवा वाड्याच्या बाल्कांवावरून पाहिलेला आहे. मिरांडा हे भाटकार घराणे, म्हणजे जमीनदार. ख्रिस्ती, सुशिक्षित, पोर्तुगीज व्यवहारात मुरलेले. त्याच गावात त्यांच्यासारख्यांच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणारे मुंडकार होते, आणि मालकाने उठ म्हटले तर उठावे लागेल या भीतीखाली ते पिढ्यान्‌पिढ्या जगत होते. गोव्यातील बहुसंख्य हिंदू समाजाचे घरगुती जीवनही या चौकटीत काठावरच येणार. रेखाटणाऱ्याचा यात दोष नाही. रोजनिशी ज्याच्या दारातून दिवस दिसतो त्याचीच होते. दोष होईल तो आपला, जर आज त्या मग आणि फरशांवरच्या चित्रांनाच आपण सगळा गोवा समजून बसलो तर.

मुंडकारांना घरातून हुसकावण्यापासून कायद्याचे अधिक भक्कम संरक्षण मिळाले ते १९७५ मध्ये, शेवटच्या प्रकाशित रोजनिशीनंतर चोवीस वर्षांनी. त्या घरांमधली भिंतीवर कोळशाने रेघोट्या ओढणारी मुलेही असतीलच. त्यांच्या हाती कोरी वही पडली नाही. त्यांची १९४९, १९५० आणि १९५१ ही वर्षे शोधायची झाल्यास कोमुनिदादच्या हिशेबवह्या, चर्चमधील जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि मुंबईच्या कूडांमध्ये उतरलेल्या गोवेकर खलाशांच्या कहाण्या चाळाव्या लागतात. त्या शेजारी मारिओंची वही उघडी ठेवावी. फेस्ताच्या एखाद्या चित्रात, गर्दीच्या मागच्या बाजूला, डोक्यावर टोपली घेतलेले जे कोणी उभे असेल, त्याचे नाव त्या दुसऱ्या कागदांत सापडण्याची शक्यता आहे.