डब्यातले मोजे

गेला आठवडाभर माजिवड्याच्या सिग्नलला सांताच्या लाल टोप्या विकल्या जाताहेत. विकणारी पोरं स्वतः अनवाणी. टोपी घ्यावी की नुसते पैसे द्यावेत, हे ठरेपर्यंत रिक्षा सुटते.

लेकीकडे टोरांटोला होते, तेव्हाचा नाताळ आठवला. दुकानाच्या दारात साल्व्हेशन आर्मी या सेवाभावी संस्थेची माणसं दानासाठी लाल हंडी टांगून, घंटी वाजवत थंडीत उभी. गरिबांना नाताळचं जेवण मिळावं म्हणून 1891 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेली ही प्रथा. 'टोरांटो स्टार' या वर्तमानपत्राचा सांताक्लॉज फंड 1906 पासूनचा. वाचकांच्या पैशातून गरजू मुलांना डबे जातात. त्यांत खेळणं, पुस्तक असतंच, शिवाय गरम टोपी, हातमोजे आणि पायमोजे. मला ते पायमोजे फार आवडले. खेळणं देऊन मिरवता येतं, मोज्यांचं कोण कौतुक करणार?

लेकीनं फूड बँकेसाठी पिशवी भरली, तर मी तिच्यात तूरडाळ घातली. जावई हसले. पण तिथल्या रांगेत डाळभात खाणारी घरं नसतील, असं का धरायचं?

तिथे देणारा-घेणारा एकमेकांना दिसत नाहीत. लाज राखायला ते बरंच. तरी मला आपली दिवाळीची पद्धत जवळची वाटते: फराळाचा डबा कामाच्या मावशींच्या हातात, मुलीच्या परीक्षेची चौकशी. अर्थात, हे मावशींना विचारायला हवं.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरून नाताळच्या नेवऱ्या आणि कलकल आले. ताट रिकामं कसं पाठवणार? चकल्या तळायला घेतल्या.