सांडगी मिरची

वर्गात ज्ञानेश्वरी शिकवणाऱ्या माणसाची रुचीही अमृताची असावी, असा लोकांचा एक समज असतो. माझी रुची सांडगी मिरचीची आहे. तीसुद्धा दहीभाताबरोबर नव्हे. ताटाच्या डाव्या बाजूला बसवली की तिचे 'तोंडीलावणे' होते, आणि त्या शब्दात मला तिचा अपमान वाटतो. संध्याकाळी कॉलेजातून परतावे, बशीत पाच-सहा मिरच्या नुसत्या तळलेल्या, कुरकुरीत, आणि शेजारी चहा! "हे काय खाणे आहे?" असे सौभाग्यवती विचारतात आणि डॉक्टरांचा मिठाविषयीचा कागद बशीजवळ सरकवतात. असो.

जे ती दुकानातल्या पुडीतून आणतात त्यांना तिचे तप ठाऊक नसते. आमच्या घरची रीत अशी : जाड, बेताच्या तिखट मिरच्यांना चीर द्यायची. आंबट ताकात मीठ, हिंग आणि मेथी-धने-जिऱ्याची पूड कालवून त्यात रात्रभर बुडवायच्या. सकाळी उन्हात, संध्याकाळी पुन्हा त्याच ताकात. ताक संपेपर्यंत हा क्रम. लोणचे बरणीत मुरते, ही उन्हात मुरते. मग फिकट, सुरकुतलेली अशी ती डब्यात पडून राहते आणि कढईत पडताच टम्म फुगते. काळपट झाली की काढावी. क्षणभर उशीर झाला की कडू. तमिळ मंडळी हिच्या बहिणीला 'मोर मिळगाय' म्हणतात. मोर म्हणजे ताक. नावातच ताकाचे ऋण मान्य करणारी माणसे! मिरची आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आली. त्याआधी आपले पूर्वज दहीभात कसा गिळत असतील, कोण जाणे.

पण या मिरचीपायी मी एक पापही केले आहे. १९९० चा उन्हाळा. मी दहा वर्षांचा. मिरजेच्या घरी पाहुणे जेवायला यायचे होते, म्हणून आजीने वीस मिरच्या तळून, मोजून पितळी डब्यात ठेवल्या. पाने वाढताना निघाल्या नऊ. आजीची नजर थेट आत्याकडे गेली. आत्याला पोटाच्या दुखण्यामुळे तिखट वर्ज्य होते, आणि तिचे मन कशात गुंतलेले असते हे घराला ठाऊक होते. "एवढी वर्षे झाली, जीभ काही आवरत नाही!" आजी पाहुण्यांदेखत म्हणाली. आत्या खाली मान घालून वाढत राहिली. मी सहा खाल्ल्या होत्या. बोललो नाही.

गेल्या दिवाळीत आत्या आमच्याकडे राहायला आली. आता ती ब्याऐंशीची आहे. पाडव्याच्या संध्याकाळी मी स्वतः मिरच्या तळल्या, बशी तिच्यापुढे ठेवली आणि एकदाचे सांगून टाकले. बोलताना आवाज जरा घोगरा झाला. मिरचीचा खाट होता, असे मी सौभाग्यवतींना सांगितले.

आत्याने मिरचीचा देठ मोडला.

"सहा?" ती म्हणाली. "तरीच! मी इतकी वर्षं समजत होते, वहिनींची नाहीतर आईची मोजण्यात चूक झाली."

"म्हणजे?"

"अरे, मी पाचच खाल्ल्या होत्या."

आणि तिने बशी आपल्याकडे ओढून घेतली.