लाल त्रिकोण

शिरूर, रविवार रात्र.

दौंडहून दादा आणि पुतणी आले होते. तिची बारावी झाली. म्हणाली, "काका, मला टेक्निकल रायटिंग शिकायचंय." दादाच्या कपाळावर आठी. "लिहायचं ते काय शिकायचं?"

मी पडवीतली कीटकनाशकाची बाटली आणली. लेबलावरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत जहाल विष, मग पिवळा, निळा, हिरवा. ही उतरंड १९७१ च्या नियमांतली. सोबतच्या पत्रकात मराठी होतं, पण मुंगीएवढ्या अक्षरांत. आणि 'वाऱ्याकडे तोंड करून फवारू नका' एवढंच सांगायला तीन ओळींचं वाक्य! दादा तीस वर्षं फवारतोय. असलं पत्रक त्याने कधी उलगडलेलं नाही.

हे वाक्य सरळ करायला शिकावंच लागतं. रांजणगाव, कुरकुंभच्या एमआयडीसीत यंत्रायंत्राला, पिंपापिंपाला असा कागद लागतो. (कंत्राटी कामगारांना तो कळतो का, हा वेगळा विषय. नव्हे, हाच विषय.)

अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात टेक्निकल रायटिंगची पदवी १९५८ पासून आहे. आपल्याकडे बहुतेक जण इंग्रजी नाहीतर इंजिनिअरिंग करून, वर एखादा छोटा कोर्स जोडून यात शिरतात. माझं मत तिला सांगितलं: विज्ञान सोडू नकोस, आणि मराठी तर अजिबात सोडू नकोस.

निघताना तिने पत्रक वहीत घातलं. आत्ता फोन आला. तीन ओळींचं वाक्य पाच शब्दांवर आणलंय. दादाने ते वाचलं, मोठ्याने.