पडद्यावरची पैदास

दिवसा मी गायी भरवतो आणि रात्री नॉर्न वाढवतो. पहिल्या कामामुळे कळमनुरी तालुक्यातली बरीच गावं मला ‘डॉक्टर’ म्हणतात, मी डॉक्टर नसलो तरी. दुसऱ्या कामाला घरचे ‘लेकराचा गेम’ म्हणतात. मोटारसायकलला नायट्रोजनचा कंटेनर बांधायचा, फोन येईल त्या गोठ्यात जायचं, माजावर आलेली गाय बघायची, वीर्याची गोठवलेली कांडी कोमट पाण्यात धरायची आणि काम उरकून पुढचं गाव गाठायचं. 21 दिवसांनी गाय उलटली नाही, म्हणजे पुन्हा माजावर आली नाही, तर लोक समाधानी. उलटली तर चूक नेहमी माझीच किंवा कांडीची, गायीची कधीच नाही.

नॉर्न हा मोठ्या डोळ्यांचा, केसाळ, दोन पायांवर चालणारा प्राणी. तो ‘क्रीचर्स’ नावाच्या गेममध्ये राहतो. 1996 साली इंग्लंडच्या स्टीव्ह ग्रँड यांनी तो घडवला. पुढे त्याचे भाग निघाले आणि 2001 मध्ये ‘डॉकिंग स्टेशन’ हा भाग फुकट वाटला गेला. माझी सगळी पैदास त्याच्यावरच चालते. गेम जुना आहे, चित्रं जुनी आहेत, माझा कंप्युटर तर त्याहून जुना आहे आणि तिघांचं एकमेकांशी चांगलं जमतं.

पहिला ‘क्रीचर्स’ आला त्याच सुमारास जपानची तामागोची आली होती, अंड्याच्या आकाराच्या खेळण्यातलं ते पिल्लू. बटण दाबलं की खायचं, विसरलं की मरायचं. नॉर्न तसा नाही. त्याला जीन्स आहेत, आणि त्या जीन्समधून त्याच्या आत रसायनं तयार होतात. भूक एक नाही, तीन आहेत: प्रथिनांची, पिष्टाची आणि चरबीची. खाल्लेलं पचतं, साठतं, जळतं, आणि प्रत्येक रसायन किती वेगाने विरून जायचं हेसुद्धा जीनमध्येच लिहिलेलं असतं. मादीच्या अंगात इस्ट्रोजेन आहे, गाभण काळात प्रोजेस्टेरॉन आहे. रेतनाच्या प्रशिक्षणात फळ्यावर लिहून घेतलेली ही नावं या गेममध्ये पहिल्यांदा दिसली तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली होती. डोक्यात मज्जापेशींचं छोटं जाळं आहे, त्यामुळे तो शिकतो. थोपटलं की केलेलं काम पुन्हा करावंसं वाटतं, चापट बसली की टाळावंसं. पण शिकलेलं पिल्लांत उतरत नाही. पिल्लांत उतरतात ते फक्त जीन्स, आणि पैदास करणाऱ्याचा धंदा तेवढ्यापुरताच.

बहुतेक जण सुरुवात रंगापासून करतात. डोकं, धड, हात, पाय, शेपूट या प्रत्येकाचा जीन वेगळा असल्यामुळे एका जातीचं डोकं आणि दुसऱ्या जातीची शेपूट असलेलं पिल्लू सहज मिळतं. लाल, हिरवा, निळा हे रंग कमीजास्त करणारे जीन्स वेगळेच. चार-सहा पिढ्या डोळा ठेवून जोड्या लावल्या की जांभळा नॉर्न हातात येतो. मजा येते, नाही म्हणत नाही. पण मला त्याचा लवकर कंटाळा आला. बाजारातही लोक आधी रंगच बघतात. लाल कंधारी म्हटलं की गडद लाल हवा, वळू तर गायीपेक्षाही गडद. देवणी म्हटली की अंगभर ठिपक्यांची शेवरा, काळ्या तोंडाची वानेरा की पांढरीशुभ्र बालंक्या, यावरच अर्धा तास वाद. त्यात गैर काही नाही, जात ओळखायला खूण लागतेच. पण रंग बघून गाय दूध किती देईल हे कळत नाही आणि बैल भर उन्हात औताला टिकेल का हेही कळत नाही. रिचर्ड डॉकिन्स यांनी 1986 मध्ये ‘द ब्लाइंड वॉचमेकर’ लिहिलं, तेव्हा एक छोटा प्रोग्रॅमही केला होता. पडद्यावर रेघांचे जीव येतात, त्यातला आवडेल तो निवडायचा, मग त्याची पिल्लं येतात. काही पिढ्यांत किड्यांसारखे आकार तयार होतात. तिथे निवड डोळ्यांनीच करायची असते, कारण त्या जीवांना पोटच नाही. नॉर्नला पोट आहे, आणि खरी गोम तिथेच आहे.

गोठ्यात एक प्रसंग ठरलेला असतो. आई लाल, बाप लाल, आणि वासराच्या पोटाखाली पांढरा डाग.

“डॉक्टर, कांडी कंधारीचीच घातली होती ना?”

“कंधारीचीच घातली.”

“मग हे कुठून आलं?”

आलेलं असतं आई आणि बाप दोघांकडूनही. गायीत प्रत्येक गुणाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. डागाची प्रत लाल रंगाच्या आड पिढ्यान् पिढ्या गुपचूप बसते आणि दोन्हीकडून आली की बाहेर पडते. हे मी समजावून सांगतो. समोरचा माणूस मान हलवतो आणि संशय कांडीवरच ठेवतो.

नॉर्नमध्ये ही पडद्याआडची प्रत नसते. त्याची जीन्सची माळ एकेरी असते. आई-बापांच्या माळा जागोजाग तोडून, जोडून एक नवी माळ होते, आणि पिल्लाला तीच मिळते. दबलेला गुण, उघडा गुण हा प्रकारच नाही. हे कळल्यावर मला वाटलं, इथे तर सगळं सोपं आहे, जे आहे ते समोर दिसणार. पण लपायला दुसऱ्या जागा होत्या. काही जीन्स फक्त मादीत काम करतात, नर त्यांना नुसता पुढे वाहून नेतो. आणि प्रत्येक जीनला सुरू व्हायचं वय असतं: बाळपण, पोरवय, तारुण्य, असं करत थेट म्हातारपणापर्यंत. म्हातारपणी सुरू होणाऱ्या जीनमध्ये बिघाड झाला तर तो दिसेपर्यंत त्या नॉर्नची पिल्लं, नातवंडं हिंडायला लागलेली असतात. तोडजोड करताना एखादा जीन गळून पडतो, एखादा दोनदा येतो. दोनदा आलेल्यापैकी एक बिघडला तरी दुसरा काम चालवून नेतो, म्हणून तोही बिघाड लगेच कळत नाही.

या सगळ्या जागांपेक्षा मोठी लपायची जागा म्हणजे मी स्वतः. एक मादी बघा. फळाजवळ उभी आहे, भूक चढलेली आहे, नजर फळावर आहे, पण हात पुढे जात नाही. दोन पावलं मागे जाते, भिंतीला टेकते, पुन्हा फळाकडे बघते. अशा वेळी माझा हात, म्हणजे माऊसचा बाण, आपोआप तिकडे जातो. फळ तिच्या पुढ्यात सरकवायचं, चिमटीत धरल्यासारखं तोंडाशी न्यायचं, खाल्लं की थोपटायचं. ती जगते, वयात येते, अंडं देते. आणि तिच्या पोटी तशाच, फळाकडे बघत उभ्या राहणाऱ्या मुली जन्माला येतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय सुरेख कळप आहे, एकही मेलेला नाही. तो कळप माझ्या हातावर जगत असतो. हात काढला तर दुसऱ्या पिढीपर्यंत रिकामा होईल.

‘क्रीचर्स’च्या दुसऱ्या भागात, 1998 साली, एक दोष जगभरच्या खेळाडूंना भोवला. अंड्यातून निघालेला नॉर्न तासभर हुशार असायचा आणि मग मठ्ठ व्हायचा, शिकलेलं विसरल्यासारखा. खेळाडूंनी त्याला नावच ठेवलं, तासाभराचा मठ्ठपणा. पैदास करून तो जाईना, कारण दोष सगळ्यांच्याच मुळात होता आणि चांगला नमुना निवडायला चांगला नमुना हाती नव्हता. शेवटी हौशी मंडळींनी जीन्सच हाताने दुरुस्त करून नव्या जाती सोडल्या. पैदाशीची हद्द इथे कळते. कळपात नसलेली गोष्ट निवडीने आणता येत नाही. वासरांत तरी दुसरं काय असतं?

कळपातले दोष माझ्या हाताआड लपू नयेत म्हणून माझ्या पैदाशीचे नियम दोनच आहेत. वयात येईपर्यंत पिल्लाला हात लावायचा नाही. शब्द शिकवायचे, ते चालतं, शब्दाने पोट भरत नाही. पण खाणं, झोपणं, घाबरल्यावर पळणं आणि कंटाळल्यावर खेळणं शोधणं, हे त्याचं त्याला जमलं पाहिजे. जोडी लावायची ती म्हातारपणाकडे झुकलेल्या नर-मादीची, तारुण्यात चमकणाऱ्यांची नाही. चमक सगळ्यांकडे असते. गावातली जुनी माणसं वळू निवडताना त्याच्या आईला बघायला जायची, आणि आई म्हणजे आठ-दहा वेतांची थकलेली गाय. तिची कास, तिचे खूर, ती अजून चरायला जाते का. खाण तशी माती. पुस्तकात न वाचताही हे त्यांना ठाऊक होतं. आता कांडीवर आईचा फोटो नसतो.

आता याच्या उलट टोक. खेळाडूंमध्ये एक प्रकार आहे, त्याला ‘वुल्फलिंग रन’ म्हणतात. काही नॉर्न सोडायचे, दाणापाणी पुरेसं ठेवायचं, आणि कंप्युटर चालू ठेवून निघून जायचं. कुणी निवडायचं नाही, कुणी वाचवायचं नाही. मीही केलं, उन्हाळ्यात रात्री, लाईट जाणार नाही या भरवशावर. परत येऊन बघतो तर बऱ्याच पिढ्या उलटलेल्या. मला वाटलं होतं, निसर्गाने हुशार तेवढे ठेवले असतील. राहिले होते ते खाण्याच्या यंत्राजवळ ठाण मांडून बसलेले आणि सारख्या जोड्या जमवणारे. लांब हिंडणारे, नवं धुंडाळणारे, माझे लाडके, ते जोडीदाराविना कुठेतरी संपून गेले होते. यात निसर्गाचा दोष नाही. मी ठेवलेल्या जगात हिंडण्याची गरजच नव्हती, दाणापाणी एका जागी होतं. हात काढला तरी जग मीच मांडलेलं होतं.

आणि निवड केली तरी सगळं हातात राहत नाही. 1959 पासून नोवोसिबिर्स्कला दिमित्री बेल्यायेव यांनी कोल्ह्यांवर पैदाशीचा प्रयोग केला. निवड फक्त माणसाळूपणावर, बाकी कशावरही नाही. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या आणि माणसाळूपणाबरोबर लोंबते कान, वळलेल्या शेपट्या, अंगावर पांढरे डाग असं न मागितलेलंही आलं. एक गुण ओढला की त्याच्या मागोमाग काय येईल हे आधी सांगता येत नाही. नॉर्नच्या माळेतही शेजारचे जीन्स बरोबरच जातात. रंगासाठी ओढलेल्या माळेत चरबी न पचवणारा जीन शेजारी बसलेला असला तर तो फुकटात येतो.

वसमतच्या माझ्या मावसभावाला हे सगळं पटत नाही. तो हळद लावतो. हळदीला बी धरत नाही. तिच्या गुणसूत्रांचे तीन-तीन संच असतात, त्यामुळे संकर जमत नाही. बेणं म्हणून ठेवलेला गड्डा पुरला की तीच हळद पुन्हा उगवते, आईची हुबेहूब प्रत. त्याची सगळी निवड बेण्याच्या ढिगापुढे बसून होते. सडका बाजूला, किडका बाजूला, जाडजूड जेठा गड्डा पोत्यात. “तुमचं काय चालायलंय रातभर?” तो विचारतो. “चांगला निघाला तर तोच ठेवायचा. परत जोडी कशाला लावायची?” डॉकिंग स्टेशनमध्ये नॉर्नची नक्कल करता येते, म्हणजे त्याचं म्हणणं तिथे शक्यही आहे. पण नकलेबरोबर रोगही जसाच्या तसा येतो, हे हळदीतली कंदकुज बघितल्यावर त्याला मी सांगायची गरज नाही.

गायीत एक फेरा पुरा व्हायला चार-पाच वर्षं जातात. कांडी आज घातली, वासरू नऊ महिन्यांनी, कालवड झाली तर ती वेऊन दूध द्यायला आणखी तीन-चार वर्षं. तोवर मालकाने गाय विकलेली असते, नाहीतर पोरगं पुण्याला गेलेलं असतं. नॉर्नचा फेरा रात्रीत पुरा होतो, म्हणून जे गोठ्यात दिसत नाही ते तिथे दिसतं. ते दिसल्यापासून मी गायींच्या वहीत एक रकाना वाढवला आहे: आजारपणात मालकाने किती केलं. सलाईन, औषधं, हाताने भरवणं. ज्या गायीला दरवर्षी उभं करावं लागतं तिच्या कालवडी ठेवू नका म्हणून मी सांगतो. ऐकतात थोडे. जिला जगवायला कष्ट घेतले तिच्यावर माया जास्त बसते, तिचीच कालवड दावणीला राहते.

नॉर्न फाईल करून दुसऱ्याला पाठवता येतो. सेनगावच्या एका कॉलेजच्या पोराला माझ्याकडची निळ्या शेपटीची मादी हवी होती, शेपटीसाठीच. दिली. रात्री साडेदहाला त्याचा फोन.

“काका, ही खातच नाही हो. भूक लाल झालीय.”

“फळ दिसतंय का तिला?”

“समोरच आहे. देऊ का उचलून?”

“अजिबात नको. माऊस सोड आणि जेवून ये.”

अर्ध्या तासाने पुन्हा फोन. “जेवलो काका.”

“तू नाही रे, ती.”

“ती झोपली.”

झोप आधी, भूक नंतर, हा तिच्या आजीचा गुण. उठल्यावर काय करते ते बघून मला कळव, असं सांगितलं, आणि तिच्या बापाच्या नोंदीपुढे प्रश्नचिन्ह टाकलं.