मातीची दोन माणसे

नाशिकजवळच्या देवळालीत स्कूल ऑफ आर्टिलरी आहे. तेथील सरावाच्या तोफांचा गडगडाट ऐकतच आम्ही भावंडे लहानाची मोठी झालो. बाबा तोफखान्यात होते. निवृत्त झाले तेव्हा त्यांचा उजवा कान पार निकामी झाला होता.

गेल्या मे महिन्यात मुलाच्या हट्टाखातर मी बाबांच्या १२० मिलिमीटर उखळी तोफेची एक-दशांश प्रतिकृती करावयास घेतली. १२ मिलिमीटर पोकळीची पितळी नळी, पुढच्या दोन पायांना सायकलच्या आऱ्या, खालच्या बैठकीला जाड पत्रा. या तोफेचे तंत्र तसे साधे. नळीचे तोंड ४५ अंशांहून अधिक वर रोखलेले असते. वरून सोडलेला गोळा तळाच्या खिळ्यावर आपटताच उडतो व डोंगरापलीकडे जाऊन पडतो. धक्का बैठकीतून जमिनीत जिरतो. १९१५ साली विल्फ्रेड स्टोक्स या इंग्रज अभियंत्याने ही सुटसुटीत रचना सिद्ध केली.

रंग वाळल्यावर बाबांनी तोफ बोटांनी चाचपली. म्हणाले, "बैठक मातीत रुतलेली दाखव. आणि माणसे कुठे आहेत?"

मग त्यांनी स्वतःच शाडूची दोन माणसे केली. दोन्ही वाकलेली, कानांवर हात ठेवलेली.

"आजोबा, तुम्हीही असेच बसायचात?" मुलाने विचारले. बाबांना ऐकू आले नाही. तो उठून त्यांच्या डावीकडे बसला व पुन्हा विचारले.

"एक गोळा सुटेपर्यंत दुसरा हातात असायचा, बाळा. कान कोण झाकणार?"

दुसऱ्या दिवशी पाहिले, तो एका माणसाचे हात कानांवरून उतरले होते. त्यांत गोळा होता.