खर्जाखालचा सा

दिवाळीत आमच्या भागात गोंडांची दंडारी निघते. मोरपिसांचे टोप घालून गुस्साडी गावोगाव नाचत जातात, सोबत डप्पू, तुडुम आणि पिपरी. लहानपणी बेज्जूरला रात्री अंथरुणात पडल्या पडल्या दंडारी कुठवर आली ते मी आवाजावरून सांगायचो. लांब असली की नुसता तुडुमचा घुमारा ऐकू यायचा, पिपरी कानावर पडायची ती पार जवळ आल्यावर. बारीक आवाज हवेत आणि झाडोऱ्यात लवकर विरतो, जाड आवाज जंगल ओलांडून येतो, हे कारण पुढे वाचलं. तेव्हा एवढंच मनात बसलं की आपण वाजवायचं ते जाड आवाजाचंच काहीतरी.

बेज्जूर प्राणहितेच्या अलीकडे, पलीकडे गडचिरोली. जिल्हा पूर्वी आदिलाबाद, २०१६ पासून कुमुरम भीम आसिफाबाद. घरात मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात दोन्ही आणि वर गोंडी. अशा गावातला मुलगा बेस गिटारकडे कसा वळला ती गोष्ट लांबलचक आहे आणि फारशी रंजकही नाही. बल्लारशा-चंद्रपूरकडच्या ऑर्केस्ट्रात जागा रिकामी होती, मी गेलो. लग्नं, गणपती, नवरात्र, भक्तिगीतांचे कार्यक्रम असं करत वीस-बावीस वर्षं झाली.

बेस गिटारची सगळ्यांत खालची तार ‘ई’. हार्मोनियमच्या भाषेत पांढरी तीन, सेकंदाला ४१ कंपनं. १९५१ साली लिओ फेंडरने प्रिसिजन बेस बाजारात आणला तेव्हापासून हेच चालत आलंय. पण आपला गायक पट्टी सांगतो पांढरी एक नाहीतर काळी एक. त्याचा ‘सा’ पांढरी एक असेल तर त्याच्या तंबोऱ्याच्या खर्जाखाली आणखी एक सप्तक गेलं की ३२.७ कंपनं येतात. तो सूर आपल्या गिटारवर नाहीच. चार पायऱ्या खाली, जमिनीत पुरलेला.

मग काय करायचं? खुंटी पिळून तार ढिली करायची. मीही तेच केलं. पहिल्याच कार्यक्रमात ‘सा’ लावला आणि स्पीकरमधून जे आलं त्याला सूर म्हणवत नव्हतं. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसं भस्स. तार पडद्यांवर आपटत होती, प्रत्येक आघाताला सूर आधी वर चढून मग खाली घसरत होता. साउंडवाल्याला म्हटलं, बेस वाढव. त्याने वाढवला. समोरच्या खुर्च्या थरथरल्या, पण सूर काही आला नाही.

त्या दिवशी शेजारी पखवाज घेऊन एक म्हातारे काका बसले होते. मध्यंतरात डाव्या पुडीवरची वाळलेली कणीक खरवडून त्यांनी ताजी लावायला घेतली. बोटाने थापून, मधूनच थाप मारून, पुन्हा चिमूटभर वाढवून. माझ्याकडे न बघताच म्हणाले, “ढिलं केल्यानं आवाज खाली जातो बाबू, पण जीवही जातो. वजन घाल, वजन.”

सगळं शास्त्र एवढ्यात आलं. तारेचा सूर लांबी, ताण आणि वजन या तिघांवर ठरतो. ‘ई’ची तार साधारण अठरा किलोच्या ताणावर असते. तीच तार पांढरी एकवर उतरवली की ताण साडेअकरा किलोच्याही खाली येतो, तिसऱ्या हिश्शाहून जास्त ताकद गेली. ती परत आणायची तर तार जाड हवी. नेहमीची खालची तार इंचाच्या १०५ सहस्रांशाची. हिशेबाने १३२ची लागते. पाच तारांच्या गिटारच्या संचात १३०ची मिळते, तिने काम भागतं. तीच कणीक. उरलेल्या तारांनाही एकेक पायरी जाड करावं लागतं, कारण त्याही दोन-दोन पायऱ्या खाली येतात.

लांबी वाढवणं हा दुसरा रस्ता. बेसची तार मेरूपासून घोडीपर्यंत ३४ इंच असते. ३५ इंची गिटार मिळतात. काही वाद्यांचे पडदे पंख्यासारखे तिरपे असतात, त्यांत खालची तार ३७ इंचांपर्यंत जाते. सूर खणखणीत येतो, पण किंमत ऐकून आमच्यासारख्यांचा येत नाही. जाड तार हाच गरिबाचा उपाय.

मात्र नुसती तार बदलून भागत नाही. मेरूची खाच जुन्या तारेच्या मापाची असते, जाड तार तिच्यात बसत नाही, वरच तरंगते. खाच बारीक कानशीने रुंद करायची, खोल करायची नाही. खोल गेली तर मेरूच बदलावा लागतो. घोडीवरचं खोगीर थोडं मागे सरकवावं लागतं, कारण जाड तार अंगाने ताठ असते आणि वरच्या पडद्यांवर चढी बोलते. बारावा पडदा दाबून तोच सूर वरच्या सप्तकात नीट मिळतो का, ते बघत राहायचं. तासभर जातो. जाऊ द्यावा.

आता चारही तारा कशा लागल्या बघा. सा, प, सा, म. पाश्चात्य मेटलवाले याला ‘ड्रॉप सी’ म्हणतात. ब्लॅक सबाथ या बँडच्या गिटारवादक टोनी आयोमीची दोन बोटांची टोकं कारखान्यात कापली गेली होती. तारा ढिल्या केल्या की त्याला वाजवणं सोपं जाई. १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ अल्बममध्ये ते तीन पायऱ्या खाली गेले, बेसवाला गीझर बटलरही सोबत उतरला. तिथून हे लोण पसरलं म्हणतात. मला मात्र सा-प-सा ऐकलं की तंबोराच आठवतो.

तंबोऱ्याने मला आणखी एक गोष्ट शिकवली, आणि ती तारेच्या जाडीहून मोठी आहे. मिरजेच्या तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी काढतात. जवारी उघडली की खर्जाच्या तारेतून वरचे स्वर झरू लागतात, आणि गंमत म्हणजे खर्ज जास्त भरदार वाटतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीलाच या घोडीवर लिहून ठेवलंय. आपला कान मूळ सूर ऐकू आला नाही तरी त्याच्या दुप्पट-तिप्पट-चौपट स्वरांवरून तो ओळखतो. मांडवातल्या भाड्याच्या स्पीकरमधून ३२ कंपनं बहुतेक येतच नाहीत. येतात ती ६५, ९८, १३१. कान त्यावरून ‘सा’ जोडून घेतो.

म्हणून साउंडवाल्याला “बेस वाढव” सांगणं हा शुद्ध अडाणीपणा. मी तो वर्षानुवर्षं केला. हल्ली उलटं सांगतो: तिसाच्या खालचं सगळं काप, अडीचशेच्या आसपास थोडं उतरव, आठशे ते हजारात जरा वर घे. तिथे जवारी असते. बोटंही घोडीच्या बाजूला न्यायची आणि मारायचं हलक्या हाताने. ढिल्या तारेवर जोर केला की सूर चढतो, जाड तारेवर जोराची गरजच उरत नाही. सूर मिळवतानाही तसंच, जेवढ्या जोराने कार्यक्रमात वाजवणार तेवढ्याच जोराने तार छेडून.

जागेचाही प्रश्न असतोच. पांढरी एकच्या या ‘सा’ची एक लाट साडेदहा मीटर लांब. दहा-बाय-बाराच्या खोलीत ती कोपऱ्यात साचते, तिथे बसलेल्याला बेस फार वाटतो आणि मधोमध बसलेल्याला काहीच नाही. उघड्या मैदानात भिंतीच नसतात, सगळं रानात निघून जातं. बेज्जूरच्या आमच्या घरावर पत्रे आहेत. सरावाला बसलो की माझ्याआधी तेच वाजायचे. आई म्हणायची, गाडी आली वाटतं.

शेवटी एक सांगायचं राहिलं. पहिली १३०ची तार मी नागपूरहून आणली होती. उत्साहात खुंटीवर चढवण्याआधीच जादाचं टोक पकडीने कापलं. आतला गाभा आणि बाहेरचं वेटोळं एकमेकांत सैल झालं, वेटोळं उलगडत गेलं आणि तार मेली. कागजनगरला तसली तार कुठे मिळेना. पुढचे दोन कार्यक्रम जुन्याच तारेवर काढले, भस्स करत. तेव्हा तार आधी काटकोनात वाकवा, मग वाकाच्या पलीकडे कापा.